वीज उपकेंद्रातली खडी



नगर-मनमाड रस्त्याने कोल्हार सोडून राहात्याकडे निघालात की वाटेत बाभळेश्वर लागते. येथे ४०० किलोव्होल्टचे मोठे वीज उपकेंद्र आहे. पूर्वी ते राज्य वीज मंडळाकडे होते. २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यापासून ते महापारेषण कंपनीकडे आहे. एवढे मोठे उपकेंद्र तुम्ही पाहिले नसेल, तरी ३३ किलोव्होल्टचे छोटे उपकेंद्र तुमच्या गावाजवळ बहुधा असेलच. कुंपणाबाहेर उभे राहून आत नजर टाका. रोहित्रे, खांब, तारा, चिनी मातीचे विरोधक हे सारे दिसेलच. पण आज आपल्याला खाली पाहायचे आहे. सगळ्या अंगणभर खडी पसरलेली दिसेल. त्यावर डांबर नाही, की रोलर फिरवलेला नाही. नुसती सुटी खडी!

ही खडी कशासाठी? तण उगवू नये, चिखल होऊ नये, रोहित्रातले तेल सांडले तर ते खडीत मुरावे, ही कारणे खरी आहेत. पण मुख्य कारण वेगळेच आहे. ही खडी म्हणजे उपकेंद्रात काम करणाऱ्या माणसाच्या पायाखालचा विरोधक थर आहे. तो थर चांगला आहे की नाही, हे मोजून ठरवता येते. कसे, ते या लेखात पाहू.

जमीन सगळीकडे सारखी नसते

विजेची तार जमिनीला टेकली की वीज ‘जमिनीत जाते’ आणि संपते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात प्रवाह जमिनीतून सर्व दिशांनी पसरत जातो आणि जाताना त्याला मातीचा रोध होतो. जेथे प्रवाह आणि रोध असतात, तेथे ओहमच्या नियमाप्रमाणे विभवांतरही असतेच. म्हणजे अशा वेळी जमिनीवरच्या दोन जागांचे विभव सारखे नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुटलेल्या तारेतून ५० अँपिअर प्रवाह जमिनीत शिरतो आहे आणि मातीची रोधकता १०० ओहम-मीटर आहे. प्रवाह अर्धगोलाच्या आकारात पसरतो असे मानले तर

विभव = (रोधकता × प्रवाह) ÷ (२ × ३.१४ × अंतर)

या सूत्राने तारेपासून १ मीटरवर सुमारे ७९६ व्होल्ट आणि २ मीटरवर ३९८ व्होल्ट विभव येते. एक पाय पहिल्या जागी आणि दुसरा दुसऱ्या जागी असेल, तर दोन पायांमध्ये जवळजवळ ४०० व्होल्ट! तारेला हात न लावताच माणसाच्या पायांतून प्रवाह वाहील. आता १० आणि ११ मीटर अंतरे घ्या. तेथे फरक अवघा ७ व्होल्टच्या आसपास येतो. तुटलेल्या तारेपासून दूर राहा, असे का सांगतात ते यावरून कळेल. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा जास्त अंतर असते, शिवाय प्रवाह त्याच्या छातीतून जातो. म्हणून ओल्या रानात तार तुटली की पहिला बळी बहुधा जनावराचा जातो.

दोन पावलांमधल्या अशा विभवांतराला पाऊल-विभव म्हणतात. दुसरा प्रकार स्पर्श-विभवाचा. दोष निर्माण झालेल्या क्षणी कोणी लोखंडी खांबाला किंवा रोहित्राच्या पेटीला हात लावून उभा असेल, तर हाताचे विभव एक आणि पायाखालच्या जमिनीचे दुसरे असते.

उपकेंद्रात दोषाच्या वेळी जमिनीत जाणारा प्रवाह काही हजार अँपिअरपर्यंत असू शकतो. म्हणून तेथे जमिनीखाली साधारण अर्धा ते पाऊण मीटर खोलीवर लोखंडी पट्ट्यांचे किंवा सळयांचे जाळे पुरलेले असते. प्रत्येक खांब, प्रत्येक पेटी या जाळ्याला जोडलेली असते. वायरमन ज्याला अर्थिंग म्हणतात, ते हेच. जाळ्यामुळे अंगणभर विभव पुष्कळसे सारखे राहते. पण अगदी सारखे होत नाही. जो फरक उरतो, त्यापासून रक्षण करण्याचे काम खडीकडे येते.

शरीर किती सोसते?

माणसाच्या हृदयातून ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेला, तर हृदयाचे नियमित ठोके थांबून ते नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण बंद पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या विषयाचा अभ्यास केला. ५० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठी त्यांच्या अभ्यासावरून पुढील सूत्र वापरतात :

सुरक्षित प्रवाह (अँपिअर) = ०.११६ ÷ √काल (सेकंद)

उपकेंद्रातील स्वयंचलित यंत्रणेने अर्ध्या सेकंदात प्रवाह तोडला असे धरू. अर्ध्याचे वर्गमूळ ०.७०७. म्हणून सुरक्षित प्रवाह ०.११६ ÷ ०.७०७ = ०.१६४ अँपिअर.

शरीराचा रोध हिशेबासाठी १००० ओहम धरतात. याखेरीज, पाऊल जेथे जमिनीला टेकते तेथेही रोध असतो. पावलाला ८ सेंटिमीटर त्रिज्येची चकती मानले, तर एका पावलाचा रोध पायाखालच्या पदार्थाच्या रोधकतेच्या सुमारे तिप्पट येतो. स्पर्श-विभवात दोन्ही पावले समांतर जोडणीत असतात, म्हणून दीडपट. पाऊल-विभवात ती एकसर जोडणीत असतात, म्हणून सहापट. पायातल्या जोड्यांचा रोध हिशेबात धरत नाहीत. घामाने किंवा पावसाने भिजलेला जोडा कितपत उपयोगी पडेल, याचा भरवसा कोणी द्यावा?

खडी नसेल तर, आणि असेल तर

आपल्या जिल्ह्यात प्रवरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत काळी कसदार जमीन आहे. ही माती पाणी धरून ठेवते आणि ओली असताना वीज चांगली वाहून नेते. तिची रोधकता हिशेबापुरती १० ओहम-मीटर धरू. अर्थिंगच्या दृष्टीने ही माती उत्तम. पण तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तितकीच वाईट. पाहा :

खडी नसताना सुरक्षित स्पर्श-विभव = (१००० + १.५ × १०) × ०.१६४ = सुमारे १६६ व्होल्ट.

म्हणजे पायाखालच्या जमिनीने १००० ओहममध्ये जेमतेम १५ ओहमची भर घातली!

आता १० सेंटिमीटर जाडीचा, ३००० ओहम-मीटर रोधकतेचा खडीचा थर पसरला असे समजा. थर पातळ असल्यामुळे प्रवाह लवकरच खालच्या मातीत पोचतो. म्हणून खडीची पूर्ण रोधकता हिशेबात न घेता ती सुमारे ०.६९ ने गुणतात. मग,

सुरक्षित स्पर्श-विभव = (१००० + १.५ × ०.६९ × ३०००) × ०.१६४ = सुमारे ६७३ व्होल्ट.

सुरक्षिततेची मर्यादा चौपट झाली. पाऊल-विभवाचा हिशेब याच रीतीने केला तर मर्यादा १७४ व्होल्टवरून सुमारे २२०० व्होल्टपर्यंत जाते. वीतभरही नसलेल्या खडीच्या थराची ही करामत.

पण या हिशेबातला ३००० हा आकडा कोठून आला? उपकेंद्राचा आराखडा करताना अभियंते असा आकडा गृहीत धरतात. गृहीत धरलेला आकडा आणि अंगणात प्रत्यक्ष पसरलेली खडी यांचा मेळ बसतो का, हा खरा प्रश्न आहे. तो कागदावर सुटत नाही. खडी मोजावीच लागते.

दगड नव्हे, पाणी!

कोरड्या दगडातून वीज जवळजवळ वाहतच नाही. अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत खडीच्या काही नमुन्यांचे आकडे दिले आहेत. बारीक चुरा असलेल्या ग्रॅनाइटच्या एका खडीची रोधकता कोरडेपणी १४ कोटी ओहम-मीटर होती. तीच खडी भिजवल्यावर केवळ १३०० ओहम-मीटर! म्हणजे रोधकता लाखपटीने घसरली. दुसऱ्या ठिकाणच्या, धुतलेल्या ग्रॅनाइट खडीची रोधकता ओलेपणी ८००० ओहम-मीटर भरली. नमुने वेगवेगळ्या ठिकाणचे असल्यामुळे त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. पण ओलेपणाचा परिणाम केवढा मोठा असतो, ते यावरून स्पष्ट होते.

असे का व्हावे? खडी भिजली की प्रत्येक खड्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो. खडे जेथे एकमेकांना टेकतात तेथे हे पापुद्रे जोडले जातात आणि प्रवाहाला वाट मिळते. प्रवाह दगडातून जात नाही, दगडावरच्या पाण्यातून जातो. खडी स्वच्छ आणि एकसारख्या आकाराची असेल, तर तिच्यात मोठ्या पोकळ्या राहतात. पाणी खाली निथळून जाते. पापुद्रे पातळ राहतात आणि टेकण्याच्या जागाही थोड्या असतात. खडीत दगडाचा चुरा किंवा माती मिसळली, तर पोकळ्या बुजतात. चुरा पाणी धरून ठेवतो, मातीतले क्षार त्या पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाला अरुंद पायवाटेऐवजी हमरस्ता मिळतो.

आपल्याकडची खडी बहुतेक बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर साचून हा खडक बनला. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा मधला भाग बहुधा घट्ट व कठीण असतो, तर वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहिलेली असतात. छिद्रांचा दगड पाणी पितो आणि लवकर झिजतो. म्हणून उपकेंद्रासाठी घट्ट, कठीण दगडाची खडी घ्यावी, आणि ती चाळून, धुऊन घ्यावी.

खडी मोजायची कशी?

मातीची रोधकता मोजण्याची पद्धत तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असेल. विहिरीची किंवा बोअरची जागा पाहण्यासाठी आलेले भूशास्त्रज्ञ एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधील विभवांतर मोजतात. सळयांमधली अंतरे सारखी असतील तर रोधकता = २ × ३.१४ × अंतर × रोध. फ्रँक वेनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली ही पद्धत मांडली. उपकेंद्राची जागा निवडल्यावर तेथील मातीही अशीच मोजतात.

मग खडीवर याच चार सळया लावल्या तर? ते जमत नाही. सुट्या खडीत सळईला पक्की पकड मिळत नाही. आणि प्रवाह पातळ खडीतून चटकन खालच्या मातीत उतरतो. मोजायला जावे खडी आणि मोजली जावी माती, असा प्रकार होतो. म्हणून खडीचा नमुना पेटीत भरून मोजतात. पेटी विद्युत्-विरोधक पदार्थाची असते. तिच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना आतून धातूचे पत्रे लावतात, मध्ये खडी भरतात आणि दोन पत्र्यांमधला रोध मोजतात. मग

रोधकता = रोध × पत्र्याचे क्षेत्रफळ ÷ पत्र्यांमधले अंतर.

या चाचणीत चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, पेटी खड्यांच्या मानाने मोठी हवी; पेटीत चारच खडे मावत असतील तर ते मोजमाप खडीचे नव्हे, त्या चार खड्यांचे. दुसरी, नमुना अंगणात पसरायच्या खडीचाच हवा, हाताने वेचून काढलेल्या देखण्या खड्यांचा नको. तिसरी, खडी पूर्ण भिजवून, पाणी निथळू देऊन, ठरावीक वेळाने मोजायची. चौथी, पाणी कोणते वापरले ते लिहून ठेवायचे. कारण पावसाच्या पाण्याची रोधकता जास्त असते आणि कालव्याखालच्या एखाद्या खारवट विहिरीच्या पाण्याची कमी. कोरडी खडी मोजून तिला पसंती देणे म्हणजे छत्रीची परीक्षा वैशाखात घेण्यासारखे आहे.

करून पाहा

हा प्रयोग शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. त्यासाठी मल्टिमीटर पुरतो. घरातल्या विजेचा यात काहीही संबंध येऊ देऊ नका.

साहित्य : सरळ बाजूंची प्लॅस्टिकची पेटी (आतून ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद), २० × १५ सेंटिमीटरचे दोन ॲल्युमिनियमचे पत्रे, मल्टिमीटर, २० मिलिमीटरची खडी, दगडाचा चुरा, काळी माती, पाणी, दोन लाकडी ठोकळे.

कृती : पत्रे पेटीच्या टोकांना आतून उभे बसवा. बुडाला लहान भोके पाडा आणि पेटी ठोकळ्यांवर ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. खडी १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. आता क्षेत्रफळ ०.२ × ०.१५ = ०.०३ चौरस मीटर आणि अंतर ०.३ मीटर झाले. म्हणून रोधकता = रोध × ०.१. समजा मल्टिमीटरने ३०,००० ओहम दाखवले, तर रोधकता ३००० ओहम-मीटर.

पुढील चार नमुन्यांचा रोध क्रमाने मोजा : (१) धुऊन उन्हात वाळवलेली खडी, (२) तीच खडी भिजवून १० मिनिटे निथळल्यावर, (३) खडीत सुमारे एक किलो दगडाचा चुरा मिसळून, भिजवून, निथळल्यावर, (४) नव्या धुतलेल्या खडीत सुमारे एक किलो काळी माती मिसळून, भिजवून, निथळल्यावर. पाणी सर्व वेळी एकच वापरा.

पहिल्या नमुन्याच्या वेळी मल्टिमीटर बहुधा मोजपट्टीबाहेरचे वाचन दाखवील. तेही लिहून ठेवा. तो प्रयोगाचाच निष्कर्ष आहे. ओल्या नमुन्यांचे वाचन हळूहळू सरकत जाईल. मल्टिमीटरमधील घट एकाच दिशेने प्रवाह सोडतो, त्यामुळे पत्र्यांजवळ आयन साचतात. म्हणून तारा जोडल्यावर दर वेळी पाच अंक मोजून वाचन घ्या, मग तारांची अदलाबदल करून पुन्हा घ्या आणि दोन्हींची सरासरी काढा. याच कारणासाठी व्यवसायातली उपकरणे दिशा बदलणारा प्रवाह वापरतात. प्रत्येक नमुना तीनदा मोजा. तुमचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी जुळले नाहीत तर खोडू नका. कारण शोधा.

मळलेली खडी

समजा, उपकेंद्रात खडी पसरून दहा वर्षे झाली. उन्हाळ्याच्या वावटळींनी शेतातली धूळ आणून टाकली. पावसाळ्यात काळी माती खालून वर आली. तण उगवले आणि वाळून कुजले. वरून पाहिले तर खडी अजूनही खडीच दिसते. पण ओलेपणी तिची रोधकता ३००० वरून ३०० ओहम-मीटरवर आली असेल तर? वरचाच हिशेब पुन्हा करा. सुरक्षित स्पर्श-विभव ६७३ वरून सुमारे २१६ व्होल्टपर्यंत उतरते. खडी अजिबात नसताना ते १६६ होते! म्हणजे खडी डोळ्यांना दिसते, पण तिचे संरक्षण जवळजवळ नाहीसे झालेले असते. त्या रात्री पाऊस पडत असेल, आणि बिघाड काढायला आलेला कर्मचारी खांबाजवळ उभा असेल, तर त्याचे आयुष्य या दोन आकड्यांमधल्या फरकावर अवलंबून राहील.

म्हणून खडी एकदा पसरून विसरून चालत नाही. तण काढावे लागते, चिखल झालेली खडी उचलून चाळावी व धुवावी लागते, थराची जाडी पुन्हा पुरी करावी लागते. आणि नमुना पेटीत घालून, भिजवून, पुन्हा मोजावा लागतो.

मित्रहो, आपल्या शेताच्या बांधावर खडीचा थर नसतो. तेथे पायाखाली ओली काळी माती असते आणि पाय बहुधा अनवाणी असतात. म्हणून पावसाळ्यात तुटलेली तार दिसली, तर जवळ जाऊ नका, दुसऱ्यांनाही जाऊ देऊ नका, जनावरे सोडवायला धावू नका. लगेच मोठ्यांना सांगून महावितरणला कळवा. तारेजवळच सापडलात, तर दोन्ही पावले जुळवून, जमिनीवरून न उचलता, इंच-इंच सरकत दूर व्हा. असे का, ते तुम्हीच आता सांगू शकाल.

विचार करा

१. तुटलेल्या तारेपासून दूर होताना मोठी ढांग टाकली तर काय होईल? पहिल्या सूत्राच्या आधारे सांगा.

२. बिघाड झाल्यावर प्रवाह अर्ध्याऐवजी पाव सेकंदात तोडला, तर ५० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठी सुरक्षित प्रवाह किती होईल?

३. उपकेंद्राच्या अंगणात खडीऐवजी सिमेंटचा कोबा केला तर? ओल्या काँक्रीटची रोधकता साधारण २१ ते २०० ओहम-मीटर असते, एवढे लक्षात घेऊन उत्तर लिहा.

(दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : ०.२३२ अँपिअर.)